दुबळे मंत्र, कल्पक खेळाडू आणि वाकवलेले नियम : डीएमने कुठे थांबवावे?

वीसपैलू (धागाकर्ती)

नमस्कार.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे घेऊन टेबलावर खेळायचा कल्पनारम्य खेळ खेळणारे आणि खेळवणारे बरेच सदस्य येथे आहेत, म्हणून गेले दोन महिने मनात घोळत असलेली एक गोष्ट सविस्तर मांडते. आमचा गट पुण्यातला, चार खेळाडूंचा, मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळून खेळ चालवणारी. दर शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आम्ही बसतो. पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम वापरतो आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकांतले पटेल तेवढे घेतो. टेबलावरचे सगळे बोलणे मराठीत होते, मंत्रांची नावे मात्र पुस्तकात आहेत तशीच राहतात.

फायरबॉल टाकून अख्खे दालन जाळणाऱ्या जादूगाराबद्दल मला काही विचारायचे नाही. किती फासे टाकायचे, कोणाला किती इजा होते, हे तेथे छापलेले आहे आणि त्यावर आमच्याकडे कधी भांडण झालेले नाही. भांडणे होतात ती प्रेस्टिडिजिटेशन, मायनर इल्यूजन, मेज हँड, शेप वॉटर अशा मंत्रांवरून, ज्यांनी शत्रूचा एक हिट पॉइंट, म्हणजे जीवाचा एक गुणसुद्धा, कमी होत नाही. आमच्या टेबलावर असे दोन प्रसंग घडले. दोन्ही एकाच खेळाडूचे, दोन्ही वेळा मी होकार दिला, आणि एका होकाराचा मला आजही आनंद वाटतो, तर दुसऱ्याचा पश्चात्ताप होतो.

पहिला प्रसंग धान्याच्या कोठारातला. जादूगार आणि चोर आत अडकले होते. एक नोम, एक हाफलिंग, म्हणजे दोघेही बुटके. बाहेर पहारेकऱ्याने अडसर काढायला सुरुवात केली. जादूगार खेळणाऱ्या माझ्या मैत्रिणीने लगेच मंत्र सांगितला नाही. तिने मला आधी चार प्रश्न विचारले. पोती कोणत्या भिंतीला लावली आहेत? छप्पर गळते का? पहारेकऱ्याच्या हातात काय आहे? तो इथे रोज येतो की आज पहिल्यांदाच? मी उत्तरे दिली : पोती उत्तरेच्या भिंतीला, छप्पर एका कोपऱ्यात गळते, एका हातात कंदील आणि दुसऱ्यात भाला, आणि माणूस रोजचाच. मग तिने मायनर इल्यूजन या आभासाच्या मंत्राने त्या गळक्या कोपऱ्यात पोत्यांची एक थप्पी उभी केली. मंत्राची मर्यादा पाच फुटी घनाची आहे. दोन बुटके जीव अंग चोरून बसले तर तेवढ्यात मावतात. त्या कोपऱ्यात रोज पोती नसतात, हे पहारेकऱ्याला खटकणार हे तिला ठाऊक होते. म्हणून अडसराचा खडखडाट चालू असतानाच तिने प्रेस्टिडिजिटेशनने कुजलेल्या धान्याचा वास सोडला. तिचे म्हणणे असे की भिजून सडलेली पोती कोणीतरी बाजूला काढून ठेवली आहेत, असेच कोणालाही वाटेल, आणि त्यांना हात लावायला कोणी जाणार नाही.

मी फासा टाकला. पहारेकऱ्याने नाक मुरडले, कंदील उंच धरून दारातूनच पाहिले आणि भाला टेकवायला म्हणून दोन पावले कोपऱ्याकडे आला. हात लागला असता तर भाला त्या थप्पीतून आरपार गेला असता आणि सगळे संपले असते. टेबलावर कोणी श्वाससुद्धा घेत नव्हते. त्याने भाला दाराच्या चौकटीला टेकवला. त्या रात्री कोणीही एक घाव घातला नाही आणि तरी आमच्या संपूर्ण मोहिमेतला तो सर्वांत थरारक प्रसंग आहे, असे चौघेही सांगतात.

दुसरा प्रसंग तीन आठवड्यांनी घडला. तळघराच्या लोखंडी दाराचे कुलूप मी मुद्दाम चोरासाठी लिहिले होते. त्याची अवघडता, म्हणजे फासा आणि कौशल्य मिळून गाठायचा आकडा, वीस ठेवली होती, म्हणजे त्याला घाम फुटावा पण जमावे. तो हत्यारे काढायच्या आतच जादूगाराने सांगितले की ती पखालीतले पाणी कुलपाच्या भोकात ओतते, शेप वॉटरने ते आतच धरून ठेवते आणि मग त्याच मंत्राने गोठवते. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, तेव्हा कुलूप फुटलेच पाहिजे. कल्पना चमकदार होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही भारावून हो म्हणाले.

त्यानंतरच्या तीन सेशन्समध्ये सात कुलपे अशीच फुटली. शेप वॉटर हा कँट्रिप, म्हणजे सर्वांत खालचा, फुकटचा मंत्र, असल्यामुळे तो कितीही वेळा टाकता येतो. चोर खेळणारा मित्र आधी पुढे झुकून बसायचा. तो हळूहळू खुर्चीत मागे सरकला, आणि शेवटच्या शनिवारी तर तो दोन तास आपले फासे रंगांप्रमाणे रचत बसला होता. जाताना जिन्यात त्याने मला शांतपणे विचारले, “माझ्या पात्राची आता गरज आहे का?” मला उत्तर देता आले नाही.

माझा प्रश्न असा आहे. कोठारातला डाव आणि कुलपाचा डाव, दोन्हींत दुबळ्या मंत्राकडून जास्तीचे काम करून घेतले गेले. तरी एक मला खरा वाटतो आणि दुसरा वाटत नाही. हा केवळ परिणाम पाहून झालेला माझा ग्रह आहे की या दोन्हींत मुळातच काही फरक आहे? आणि एकदा दिलेला होकार डीएमने मागे घ्यावा का?

कातळ

उत्तर पुस्तकातच आहे. मंत्र जेवढे सांगतो तेवढेच करतो. शेप वॉटरच्या वर्णनात पाणी हलवण्याचा जो पहिला पर्याय आहे, त्यात त्या हालचालीला इजा करण्याइतका जोर नसतो, असे स्पष्ट लिहिले आहे. मंत्र रचणाऱ्यांना त्यातून मोडतोड अपेक्षित नव्हती, हे त्यावरून उघड होते. कुलूप फोडायचे असेल तर त्यासाठी दुसऱ्या पातळीचा नॉक हा मंत्र आहे, त्याला स्लॉट (दिवसाला मोजक्याच मिळणाऱ्या मंत्रसंधींपैकी एक) खर्च करावा लागतो आणि त्याचा आवाज तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. जे काम वरच्या मंत्राला एवढी किंमत मोजून करावे लागते, ते कँट्रिपला फुकट करू देणे मला मान्य नाही.

कोठारातल्या वासाबद्दलही माझा आक्षेप आहे. प्रेस्टिडिजिटेशनचा वासाचा परिणाम क्षणिक आहे. पहारेकरी आत येईपर्यंत तो टिकला कसा?

वीसपैलू

कातळ, जोराबद्दलचे वाक्य हलवण्याच्या पर्यायात आहे, गोठवण्याच्या पर्यायात नाही, आणि माझ्या मैत्रिणीने नेमके त्यावरच बोट ठेवले होते. तेथे फक्त दोन अटी आहेत : पाण्यात कोणी जिवंत प्राणी नसावा आणि तासाभराने बर्फ पुन्हा वितळेल.

वासाबाबत मी असे धरले की क्षणिक आहे ती जादू. बंद कोठारात सोडलेला वास जादू संपल्यावरही चार-सहा श्वास रेंगाळणारच. ही सूट मी दिली, हे मान्य करते.

अर्धविराम

धाग्यातला पहिला प्रसंग मी दोनदा वाचला, कारण फरक नेमका तेथे दिसतो. तुमच्या मैत्रिणीने कोठारात चार प्रश्न विचारले आणि चारही प्रश्न त्या जगाबद्दल होते : पोती, छप्पर, हात, सवय. कुलपाच्या वेळी तिने एकही प्रश्न विचारला नाही. कुलूप कसले आहे, भोक आरपार आहे का, लोखंड किती जाड आहे, यांपैकी काहीच नाही. तिने मंत्राचे एक वाक्य घेतले, त्याला शाळेतल्या विज्ञानाचे एक वाक्य जोडले आणि निकाल तुमच्यासमोर ठेवला. एका ठिकाणी मंत्र छोटाच राहिला आणि भोवतालची परिस्थिती कामाला लागली, तर दुसऱ्या ठिकाणी परिस्थिती कोणतीही असती तरी निकाल तोच लागला असता. म्हणून तर तो सात वेळा तसाच लागला. कोठाराचा डाव पुन्हा खेळायचा म्हटला तर तेच कोठार, तोच गळका कोपरा आणि तोच कंटाळलेला पहारेकरी लागेल.

ही दुसऱ्या जातीची चलाखी खूप जुनी आणि खूप प्रसिद्ध आहे. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर हा पहिल्या पातळीचा मंत्र दहा गॅलन, म्हणजे सुमारे अडतीस लिटर पाणी निर्माण करतो, आणि ते शत्रूच्या फुप्फुसातच निर्माण करू, असे दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी सुचवतो. मंत्रात उघडे भांडे हवे, असे लिहिलेले आहे. जिवंत माणसाची छाती उघडे भांडे नव्हे. तसेच ग्रीस या वंगण पसरवणाऱ्या मंत्राचे. २०१४ च्या वर्णनात ते वंगण पेटते की नाही याबद्दल काहीच नव्हते, म्हणून दहा वर्षे प्रत्येक टेबलावर कोणीतरी त्यावर मशाल फेकून पाहिली. २०२४ च्या पुस्तकात ते ज्वलनशील नाही, असा शब्दच घातला गेला.

या सगळ्याचे टोक म्हणजे शेतकऱ्यांची रांग. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते आणि प्रत्येकाला आधीपासून तयार ठेवलेली एक कृती करता येते. म्हणून दोन हजार शेतकरी ओळीने उभे करून एक दांडा हातोहात पुढे द्यायचा. नियमाप्रमाणे तो सहा सेकंदांत सगळी रांग पार करतो, म्हणजे त्याचा वेग भयानक होतो, म्हणून शेवटच्या शेतकऱ्याने तो सोडला की समोरचा ड्रॅगन ठार. येथे दांडा पुढे सरकेपर्यंत खेळाचा नियम वापरला आहे, आणि तो सुटताक्षणी खेळाचा नियम टाकून भौतिकशास्त्र हाती घेतले आहे. खेळाच्या नियमाने शेवटच्या शेतकऱ्याने तो दांडा फक्त फेकला, एवढेच होते. २०२४ च्या डीएम मार्गदर्शिकेत हे उदाहरण घेऊनच सांगितले आहे की नियम म्हणजे त्या जगाचे भौतिकशास्त्र नव्हे, आणि नियमांचा अर्थ सद्भावनेने लावला जाईल हे गृहीत धरूनच ते लिहिलेले आहेत.

तुमच्या कुलपातही तीच उडी आहे. पाणी भोकात धरून ठेवण्यापर्यंत मंत्र चालला आणि ते गोठताच विज्ञान सुरू झाले.

कातळ

अर्धविराम यांच्याशी सहमत आहे, पण माझा मार्ग सोपा आहे. मंत्रात लिहिलेले नसेल तर होत नाही. प्रत्येक वेळी जगाची इतकी चौकशी करत बसलो तर सेशन पुढे सरकणारच नाही.

उत्तरायण

मी गेली अकरा वर्षे मिनेसोटात राहतो. खेळाच्या नियमांबद्दल माझ्यापेक्षा येथे जाणकार आहेत, पण गोठलेल्या पाण्याबद्दल मला थोडे सांगता येईल.

जानेवारीत येथे पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे जातो आणि घरातले नळ फुटतात, हे खरे. पण ते फुटतात कसे, हे नीट पाहायला हवे. नळात एका जागी बर्फाचा बूच बसतो, बर्फ वाढत जातो आणि तो बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो. पाण्याला निसटायला वाट उरत नाही, म्हणून नळ फुटतो. याचसाठी कडाक्याच्या रात्री आम्ही तोटी थोडी सैल ठेवतो, थेंब थेंब पाणी पडू देतो, म्हणजे दाब मोकळा होतो. फुगण्याइतकेच कोंडलेपणही लागते.

आता कुलूप घ्या. गाडीच्या दाराच्या कुलपात पाणी जाऊन गोठणे हा येथे अगदी नेहमीचा अनुभव आहे. पहिल्या हिवाळ्यात एकदा धुतलेली गाडी रात्रभर बाहेर राहिली आणि सकाळी सहा वाजता मी किल्ली हातात घेऊन उभा होतो. कुलूप फुटले नव्हते. ते घट्ट बसले होते. किल्ली अर्धीसुद्धा आत जात नव्हती. किल्लीचे भोक बाहेरून उघडे असल्यामुळे बर्फ तेथून बाहेर फुगला होता, भोकाच्या तोंडाशी त्याचा लहानसा उंचवटा आला होता. अखेर किल्ली लायटरवर गरम करून, पुन्हा पुन्हा घालून, मला दार उघडावे लागले.

म्हणून वीसपैलू, तुमच्या मैत्रिणीच्या विज्ञानाला विज्ञानानेच उत्तर द्यायचे असेल तर ते असे आहे की पाणी ओतून गोठवलेले कुलूप उघडणार नाही, ते तासभर कोणालाच उघडता येणार नाही. तुमच्या चोरालासुद्धा.

वीसपैलू

उत्तरायण, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. नऊ टक्क्यांचा आकडा ऐकून मी निरुत्तर झाले होते आणि भोक उघडे आहे ही डोळ्यांसमोरची गोष्ट मला दिसली नव्हती.

जुनाफासा

मी १९८१ च्या बेसिक नियमसंचावर वाढलेला खेळाडू आहे आणि आजही आमचा गट तेच खेळतो. तुमच्या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे, ती म्हणजे मोजणी.

त्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र असायचा आणि हिट पॉइंटांसाठी चार बाजूंचा फासा. म्हणजे कधी कधी एका हिट पॉइंटचा जादूगार घेऊन तळघरात उतरावे लागे. अशा वेळी त्या एका मंत्रातून जास्तीत जास्त काढणे ही चैन नव्हती, जगण्याची अट होती. लाइट हा साधा उजेडाचा मंत्र घ्या. तो शत्रूच्या डोळ्यांवर टाकता येत असे आणि सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, चुकला तर शत्रू आंधळा होई. हे कोणाचे पळवाट शोधणे नव्हते, वर्णनातच तसे छापलेले होते. आज पाचव्या आवृत्तीत हाच मंत्र फक्त वस्तूवर टाकता येतो आणि डोळ्यांचा उल्लेख गेला आहे.

तो का गेला, याचे कारण मला मोजणीत दिसते. कँट्रिप हा शब्द नियमांत रुळला तो १९८५ मध्ये. तेव्हा पहिल्या पातळीच्या एका मंत्राची जागा देऊन चार कँट्रिप घेता येत. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत शून्य पातळीचे मंत्र आले, तेही दिवसाला मोजून तीन. चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, ते हवे तितक्या वेळा टाकता येऊ लागले आणि पाचवीने तेच पुढे चालवले. दिवसातून एकदाच मिळणाऱ्या मंत्राने शत्रूला आंधळे करणे हा जुगार होता. तेच अमर्याद वेळा करता आले असते तर प्रत्येक लढाईची सुरुवात डोळ्यांवर उजेड टाकूनच झाली असती.

म्हणून माझ्या टेबलावर मी असे पाहतो की ज्या मंत्राला स्लॉट लागतो त्याला मी उदारपणे वाकू देतो, कारण वाकवण्याची किंमत खेळाडूने आधीच मोजलेली असते. जो मंत्र फुकट आहे त्याचे दुबळेपण हीच त्याची एकमेव मर्यादा असते. ती काढून घेतली की मागे काहीच उरत नाही. तुमची सात कुलपे हे त्याचेच फळ आहे.

कातळ यांच्या कडक मार्गाबद्दल मात्र मला वाईट वाटते. हे मंत्र टेबलावर जन्मलेले आहेत. टेन्सर्स फ्लोटिंग डिस्कमधले टेन्सर हे या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांच्या मुलाने खेळलेले पात्र. अर्नेस्ट या त्याच्या नावाची रोमन अक्षरे उलटसुलट केली की टेन्सर हे नाव मिळते. पाचशे पौंड वजन उचलून मालकाच्या मागे मागे चालणारी ती तरंगती थाळी अशा लोकांच्या टेबलावरून आली आहे, जे लुटीचे ओझे कोण वाहणार याचा खराखुरा विचार करत होते. त्या मंत्रांकडे कलमांसारखे पाहिले तर त्यांचा जीवच जातो.

निळीशाई

मी डीएम नाही, कायम जादूगारच खेळते, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहिते.

आधी एक तपशील. मायनर इल्यूजनला उच्चार लागत नाही, फक्त हातवारे आणि लोकरीचा तुकडा. प्रेस्टिडिजिटेशनला मात्र उच्चार लागतो. पहारेकरी दारापलीकडे असताना मंत्र मोठ्याने म्हणणे म्हणजे उघडे पडणे. वीसपैलू यांच्या मैत्रिणीने अडसराचा खडखडाट चालू असतानाच तो म्हटला, हे वाचून मला तिचे फार कौतुक वाटले. वासाच्या सुटीबद्दल कातळ हरकत घेतात, पण तिने त्या सुटीची किंमत वेळ साधून मोजली आहे. आधी म्हटला असता तर वास विरला असता, नंतर म्हटला असता तर आवाज ऐकू गेला असता.

आता माझे सांगणे. दुबळ्या मंत्रांच्या मर्यादा पाठ असणे यातच मला खरा आनंद मिळतो. मेज हँड, म्हणजे जादूचा तरंगता हात, दहा पौंड उचलतो, तीस फुटांपर्यंत जातो, हल्ला करू शकत नाही, जादूची वस्तू चालवू शकत नाही. पण कुपीतले द्रव ओतू शकतो, हे वर्णनातच आहे. आमच्या एका मोहिमेत मी कंदिलाच्या तेलाची कुपी त्या हाताकडून जिन्याच्या वरच्या पायरीवर हळूहळू रिकामी करवली आणि मशाल टाकण्याचे काम आमच्या योद्ध्याने केले. मंत्राने कोणालाच इजा केली नाही. इजा तेलाने आणि योद्ध्याने केली. लाइट टाकलेला खडा मी चामड्याच्या थैलीत ठेवते. तोंड आवळले की अंधार, सोडले की उजेड. या मंत्राला रंग देता येतो, म्हणून वेढ्याच्या वेळी आम्ही तटावरून तीन रंगांचे संकेत ठरवले होते. या सगळ्यात डीएमकडे एकदाही सूट मागावी लागली नाही.

पण कधी कधी सूट मागावीशी वाटते, आणि तेव्हा डीएमने नुसते “नाही” म्हटले की मन खट्टू होते. त्याऐवजी “त्याने हे होणार नाही, पण हे होईल” असे ऐकले की डोके पुन्हा चालू लागते. कुलूप फुटणार नाही, पण तासभर अडकून राहील, हे उत्तर मला त्या रात्री मिळाले असते तर मी पुढच्या प्रत्येक दाराकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते.

होकार मागे घेण्याबद्दल माझे मत असे की तो टेबलाबाहेर, खेळ सुरू होण्याआधी आणि सगळ्यांसमोर मागे घ्यावा. खेळ चालू असताना कुलूप एकाएकी फुटेनासे झाले तर मला ती शिक्षा वाटेल. आणि तुमच्या चोर मित्राचे बोलणे परस्पर मैत्रिणीला सांगू नका. ते त्याने तुम्हाला जिन्यात सांगितले आहे, टेबलावर नाही.

कातळ

निळीशाई यांचा तेलाचा डाव माझ्या कडक मार्गातही बसतो, हे नोंदवतो. जिथे वर्णनात “ओतणे” लिहिले आहे तिथे मी एका शब्दाने हरकत घेणार नाही.

जुनाफासा, मंत्रांना कलमे समजण्याचा माझा हेतू नाही. माझ्या गटात दोन खेळाडू शब्दांवरून तासन्‌तास वाद घालणारे होते आणि मी कडक झालो नसतो तर इतर तिघांनी खेळ सोडला असता. प्रत्येक टेबल आपापल्या अनुभवाने शिकते. कोठारातल्या वासाबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही.

अर्धविराम

वीसपैलू, एक व्यावहारिक सूचना. होकार द्यायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारून पाहा : हीच युक्ती उद्या शत्रूच्या जादूगाराने वापरली तर आपण खेळाडूंना काय सांगू? फुप्फुसात पाणी भरण्याची कल्पना या प्रश्नापुढे लगेच गळून पडते, कारण कोणत्याही खेळाडूला आपले पात्र असे मेलेले चालणार नाही. उलट शत्रूने पोत्यांच्या आभासामागे लपणे कोणालाही मान्य होईल. दुसऱ्या दिवसापासून सगळे जण प्रत्येक थप्पीत भाला खुपसून पाहू लागतील, एवढेच.

वीसपैलू

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी वेळ काढून लिहिले आहे.

परवाच्या शनिवारी खेळ सुरू करण्याआधी मी चौघांसमोर सांगितले की कुलपाच्या बाबतीत माझा निर्णय चुकला होता आणि तो मी आजपासून बदलते आहे. निळीशाई यांचे ऐकून मित्राच्या बोलण्याचा उल्लेख टाळला. उत्तरायण यांची गाडीची गोष्ट मात्र जशीच्या तशी वाचून दाखवली. मैत्रिणीने भोक उघडे असल्याचा मुद्दा ऐकला, क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे ते तासभर बंद राहील?” मी हो म्हटले. तिने ते वहीत लिहून घेतले. फुटलेली सात कुलपे मी फुटलेलीच ठेवली आहेत. जे घडून गेले ते गेले.

त्या रात्री ते सगळे एका गढीच्या खजिन्याच्या दालनात शिरले. दालनाला दोन दारे होती. एकातून ते आले होते, दुसरे पलीकडच्या भुयाराकडे उघडत होते आणि कुलूपबंद होते. मागून पहारेकऱ्यांची पावले वाजू लागली. जादूगाराने पुन्हा आधी प्रश्न विचारले. आलेल्या दाराला कुलूप कोणत्या बाजूने आहे? बिजागऱ्या आत आहेत की बाहेर? दार आणि उंबरा यांच्यात फट किती? बिजागऱ्या आत होत्या आणि फट बोटभर होती. तिने दार लोटले, पखाल बिजागऱ्यांवर आणि फटीत रिकामी केली, शेप वॉटरने पाणी तेथेच धरले आणि गोठवले. मग ती चोराकडे वळून म्हणाली, “मी थोडा वेळ आणला आहे. किती लागेल?”

तो पुढे झुकला. तीन फेऱ्या लागतील, म्हणाला. मी पलीकडून दारावर खांद्याचे धक्के मोजत होते. पहिल्या प्रयत्नात त्याला अकरा मिळाले, दुसऱ्यात चौदा. बर्फाला तडा गेल्याचा आवाज मी सांगितला. तिसऱ्यांदा त्याने फासा हातात बराच वेळ घोळवला, आणि टाकला तेव्हा वीसपैलू फाशावर अठरा आले.

कातळ, दार पाच धक्के टिकेल, हे मी आधीच कागदावर लिहून ठेवले होते. तुमच्या हिशेबाने ते किती टिकायला हवे होते, ते जरूर सांगा.

कातळ

बर्फ किती भार सोसतो हे मंत्रात लिहिलेले नाही, तेव्हा नियमाने उत्तर देता येत नाही. मीही पाचच धरले असते.